अहिराणीची वीस मिनिटं



मराठी मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात यंदा आखाजीची (अक्षय तृतीयेची) गाणी आणि एक छोटा अहिराणी प्रवेश यांना मिळून वीस मिनिटं दिली. त्यावरून कार्यकारिणीकडे बरीच पत्रं आली. व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय लिहिलं गेलं ते सगळ्यांनी वाचलं आहे, त्याची उजळणी इथे नको. हा निर्णय कार्यकारिणीच्या बैठकीत एकमताने झाला होता. तो योग्य होता असंच आमचं आजही मत आहे आणि पुढच्या वर्षीही ही वीस मिनिटं राहणार आहेत.

बहुतेक तक्रारी वेळेच्या होत्या. मुलांच्या नाचाला वेळ कमी पडला, हे म्हणणं रास्त आहे आणि पुढच्या वेळी नाच आधी घेऊ. पण मंडळाच्या स्थापनेपासून सोबत असलेल्या एका ज्येष्ठ सभासदांचं पत्र वेगळं होतं. त्यांच्याबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. त्यांचा मुद्दा असा: ग्रिअरसनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे आपल्या अहिराणीला, मराठीत न धरता भिल्लीच्या शेजारी बसवलं. भारताची जनगणनाही खानदेशी वेगळी मोजते आणि 2011 साली तिचे 18 लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले. मग ती वेगळीच भाषा झाली. माओरी आणि फिलिपिन्सची टागालोग एकाच कुळातल्या आहेत, तरी या देशात, न्यूझीलंडमध्ये, माओरींच्या सभेत कोणी टागालोगसाठी वेळ मागत नाही. तसं खानदेशी मंडळींनी आपला मेळावा वेगळा भरवावा.

ग्रिअरसन आणि जनगणनेबद्दल त्यांनी लिहिलं ते खरं आहे. माओरी आणि टागालोगही खरोखरच एका कुळातल्या, ऑस्ट्रोनेशियन. आपल्यातल्या अनेकांचे शेजारी आणि सहकारी फिलिपिनो आहेत, त्यांना विचारून पाहा. पाच म्हणजे टागालोगमध्ये लिमा, माओरीत रिमा. आकाश तिकडे लांगित, इकडे रांगी, कारण माओरीत शब्दाच्या शेवटी व्यंजन राहत नाही. उवेला तिकडे कुतो, इकडे कुतू. दोन्हींत क्रियापद वाक्याच्या आरंभी येतं. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद दोन्ही भाषा काटेकोर पाळतात. इंग्रजीला तो नाही, मराठीला आणि अहिराणीला आहे. टागालोगमध्ये तर शिक्षकाला गुरो आणि चेहऱ्याला मुखा म्हणतात, म्हणजे संस्कृतही समुद्र ओलांडून तिथवर पोहोचलेली आहे.

पण हे साम्य हाताच्या बोटांवर मोजावं लागतं, कारण मधली वाट काही हजार वर्षांची आहे. तैवानकडून निघालेले दर्यावर्दी फिलिपिन्सला पोहोचले. तिथून बेटामागून बेट वसवत त्यांचे वंशज इथे आले ते साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. टागालोगमध्ये क्रियापदाला आधी, मध्ये, शेवटी प्रत्यय लावून वाक्याचा रोख बदलतात. माओरीने ती व्यवस्था जवळजवळ सोडली आणि सुट्या अव्ययांवर काम भागवलं. आज मनिलाचा माणूस आणि रोटोरुआचा माणूस एकमेकांशी बोलतात ते इंग्रजीत.

खानदेशातल्या अमळनेरच्या बाजारात मात्र असं काही घडत नाही. तिथे भाजीवाली ‘तुले काय जोयजे’ विचारते, गिऱ्हाईक मराठीत उत्तर देतं आणि व्यवहार पुरा होतो. घरी ‘मना’, ‘तुना’, ‘माले’ बोलणारा पोरगा शाळेत ‘माझा’, ‘तुझा’, ‘मला’ लिहितो आणि दोन्ही आपलंच समजतो. भाषाशास्त्रज्ञ अहिराणीला कुठल्या रकान्यात टाकतील ते टाकोत, त्यांच्या कामाचा आम्हाला आदर आहे. मंडळाचं सभासदत्व मात्र त्या रकान्यावर ठरू शकत नाही. ज्यांनी शाळा मराठीत केली, पाडव्याला गुढी उभारली आणि इथे येऊन आपल्या मंडळाची वर्गणी भरली, ते सगळे मंडळाचे.

अमळनेरचं नाव मुद्दाम घेतलं, कारण अहिराणीचा कार्यक्रम बसवणारी बहुतेक कुटुंबं त्याच तालुक्यातली आहेत. बोरीकाठच्या या गावात 1952 साली साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, मराठीचा व्युत्पत्तिकोश करणारे. फेब्रुवारी 2024 मध्ये 97 वं संमेलन पुन्हा तिथेच झालं. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे, पण त्यांची शिक्षकी अमळनेरच्या शाळेत झाली. ‘विद्यार्थी’ मासिक त्यांनी तिथूनच काढलं, आणि वसतिगृहात ज्या मुलांची त्यांनी आईच्या मायेने काळजी घेतली त्यातल्या कितीतरी मुलांच्या घरची बोली अहिराणी होती. मराठीसाठी एवढं केलेल्या गावच्या माणसांना मराठी मंडळात परकं वाटू नये, एवढीच कार्यकारिणीची भूमिका आहे. यात वऱ्हाड, कोकण, मराठवाडा किंवा पुण्याच्या मंडळींना डावलण्याचा हेतू नाही. मालवणी किंवा वऱ्हाडीचा कार्यक्रम कोणी बसवून आणला, तर त्यालाही इतकाच वेळ मिळेल.

टागालोगचंच उदाहरण घ्यायचं तर पूर्ण घेऊ. 1937 साली फिलिपिन्सचे अध्यक्ष केसोन यांनी तिच्या पायावर राष्ट्रभाषा उभी करायची असं ठरवलं. सेबुआनो आणि इलोकानो बोलणाऱ्यांना ते खुपलं आणि ती कुरबूर अजून मिटलेली नाही. प्रमाणभाषा हवीच, तिच्यामुळेच आपण सगळे हे वार्तापत्र वाचू शकतो. पण तिच्यासाठी इतरांनी गप्प बसावं असं म्हटलं की माणसं दुरावतात.

माओरीची गोष्ट तर आपल्या दारातली आहे. शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांनी मार खाल्ला. पुढे ती मोठी झाली, शहरात आली आणि मुलांच्या भल्यासाठी म्हणून त्यांनी घरात इंग्रजी धरली. दोन पिढ्यांत घरांतून भाषा गेली. 14 सप्टेंबर 1972 रोजी माओरीसाठी 30,000 हून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत गेला. 1982 मध्ये पहिलं ‘कोहांगा रेओ’ सुरू झालं, तिथे आजी-आजोबा लहानग्यांशी दिवसभर फक्त माओरीत बोलत. 1987 मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. कायदा शेवटी आला, त्याआधी म्हातारी माणसं आणि मुलं एका खोलीत बसली होती.

त्या दिवशी मंचावर हेच चाललं होतं. अमळनेर तालुक्यातून लेकीकडे आलेल्या एका आजींनी गौराईची गाणी म्हटली. हातात वही नाही, कागद नाही. कडवं संपलं की टाळी थांबवून त्या मागे बघायच्या आणि इथे जन्मलेल्या दोन नाती पुढची ओळ उचलायच्या. त्यातली धाकटी घरी मराठीत उत्तर देत नाही, हे तिच्या आईनेच आम्हाला सांगितलं. आजींच्या अहिराणीला मात्र ती अहिराणीत साथ देत होती.

आता थोडं कडू. हे पाहायला सभागृहात जेमतेम निम्म्या खुर्च्या भरल्या होत्या. पाचचा कार्यक्रम पावणेसहाला सुरू झाला आणि भरीत-कळण्याच्या भाकरीची पानं मांडली तेव्हा रांग दाराबाहेर गेली. पत्र लिहिणाऱ्या काही सभासदांनीही कार्यक्रम पाहिला नव्हता. मतभेद जरूर कळवा, पण आधी या, बसा, ऐका. सभागृहाचं भाडं, ध्वनियंत्रणा, विमा यांचा खर्च माणसं आली न आली तरी तेवढाच येतो.

म्हणून काही विनंत्या. ज्यांचे आई-वडील सध्या इथे आले आहेत त्यांनी शनिवारच्या मराठी शाळेत त्यांना तासभर पाठवावं. गाडीने ने-आण करायला स्वयंसेवक तयार आहेत. बोली कोणतीही चालेल. आखाजी, कानबाई, गुलाबाईची गाणी ज्यांना येतात त्यांनी ती फोनवर ध्वनिमुद्रित करून ग्रंथपालांकडे द्यावीत, सोबत गाणाऱ्याचं गाव लिहावं. गणेशोत्सवात कार्यक्रम करायचा असेल तर 15 जुलैपर्यंत सचिवांना कळवा, नंतर आलेली नावं घेता येणार नाहीत. राहिलेली वर्गणी या महिनाअखेर भरा. आणि गणेशोत्सवाला पाच म्हणजे पाचला या.

– संपादक मंडळ