सुकाणू आणि पायांचे शिक्षण

आमच्या गावच्या जत्रेतील नाटकांना पायपेटीची साथ असे. प्रेक्षकांच्या माना डोलत त्या वादकाच्या बोटांवर. पेटीखाली त्याचे दोन्ही पाय सारखे भाता चालवीत आहेत, इकडे मात्र कोणाचेच लक्ष नसे. ते पाय क्षणभर थांबले असते, तर बोटे कितीही कुशल असोत, सूर बंद पडला असता.

गेल्या वर्षी नववीतील एका विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारला आणि मला त्या वादकाची आठवण झाली. हा मुलगा संगणकावर युद्धविमान उडविण्याचा अभ्यास करतो. तो म्हणाला, "सर, माझे विमान धावपट्टीवरच डावीकडे पळते. याहून महाग जॉयस्टिक घेतली तर ते सरळ धावेल का?" प्रश्न साधा होता, परंतु त्याच्या पाठीमागे वडिलांनी मोठ्या कष्टाने बाजूला ठेवलेले पैसे होते. म्हणून त्याला दिलेले उत्तर येथे जरा विस्ताराने मांडतो.

जॉयस्टिकने विमानाचे नाक वर-खाली होते आणि पंख कलतात. नाक डावी-उजवीकडे वळविणारे उभे सुकाणू शेपटीला असते, आणि ते पायांनी चालवावयाचे असते. त्याची गरज का पडते? विमान उजवीकडे कलविताना डावा पंख वर उचलला जातो. त्या पंखाला अधिक उचल मिळते, तशीच हवेची ओढही अधिक लागते. त्यामुळे नाक उलट डावीकडे जाऊ पाहते. राइट बंधूंच्या १९०१ सालच्या ग्लायडरला शेपटीचे उभे पाते नव्हते, आणि ही अडचण त्यांना फार जाचली. १९०२ साली त्यांनी प्रथम अचल पाती बसविली, मग त्यांच्या जागी हलणारे सुकाणू आणून ते पंखांच्या पिळाशी जोडले. १९०५ साली त्यांनी ही जोडणी सोडविली आणि सुकाणू स्वतंत्र केले. म्हणजे विमानविद्येच्या जनकांनाही हा धडा टप्प्याटप्प्यानेच उमगला.

पंख्याच्या युद्धविमानांत आणखी एक गोष्ट असते. इंजिनाला जोर दिला की पंख्याने फेकलेली हवा गोल वळसे घेत शेपटीवर आदळते आणि विमान एका बाजूस पळते. मर्लिन इंजिनाचे स्पिटफायर डावीकडे ओढते, म्हणून तेथे उजवा पाय हवा. पुढे त्याच विमानाला ग्रिफन इंजिन बसविण्यात आले. त्याचा पंखा उलट फिरे, त्यामुळे विमानाची ओढही उलट झाली. 'आय. एल. टू' या सिम्युलेटरच्या अलीकडच्या मालिकेत स्पिटफायरचे मार्क ९ आणि मार्क १४ असे दोन्ही प्रकार आहेत. पहिल्यावर नुसती सवय घोकलेला विद्यार्थी दुसऱ्यावर हटकून चुकीचा पाय दाबतो. ज्याने कारण जाणले आहे, तो चुकत नाही.

आता खरेदीविषयी. आधी आपण कोणते विमान उडविणार, हे ठरवावे. एफ-१६ सारख्या आधुनिक जेट विमानांत वळताना लागणारी सुकाणूची बरीच जुळवाजुळव विमानातील संगणकच करतो. त्यांच्यासाठी वेगळ्या पेडलांची घाई नको. जुन्या पंख्याच्या विमानांना मात्र पाय हवेतच. तरीही आरंभी मूठ पिळता येणारी जॉयस्टिक पुरते. तिच्यावर सहा महिने मन लावून सराव झाला आणि गोडी टिकली, तरच पेडल्स घ्यावीत.

पेडल्स घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आत संवेदक कोणता आहे. घासून चालणारा पोटेन्शिओमीटर धुळीने आणि वापराने झिजतो व विमान आपोआप थरथरू लागते; चुंबकावर चालणाऱ्या हॉल संवेदकात घासणारा भाग नसल्याने तो अधिक टिकतो. दुसरी, पावलाच्या पुढच्या भागाने दाबावयाचे ब्रेक खरोखर लागणार आहेत काय? अमेरिकन मस्टँगमध्ये ते होते. स्पिटफायरमध्ये ब्रेकची कळ हाताच्या मुठीवर होती आणि कोणत्या चाकाला तो किती लागावा, हे सुकाणूवरील पाय ठरवीत. ज्याला स्पिटफायरच उडवावयाचे आहे, त्याने ब्रेक नसलेली साधी पेडल्स घेऊन पैसे वाचविले, तर काही बिघडत नाही.

माझ्या मते किमतीहून मांडणी महत्त्वाची. चाकांच्या खुर्चीत बसून पेडल दाबले की खुर्चीच मागे पळते. म्हणून बिनचाकांची खुर्ची घ्यावी, किंवा खुर्ची आणि पेडल्स दोरीने एकमेकांस बांधावीत. पेडलांखाली न घसरणारे जाड जाजम असावे. पाय पूर्ण लांबविल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील, एवढेच अंतर ठेवावे. मग संगणकात कॅलिब्रेशन करावे. उजवा पाय दाबल्यावर सुकाणू उजवीकडेच वळते ना, हे डोळ्यांनी पाहावे. 'डी. सी. एस. वर्ल्ड' हा सिम्युलेटर प्रत्येक उपकरणास स्वतःहून कामे वाटून देतो. तेव्हा पेडल्स आणि जॉयस्टिकची पिळती मूठ अशा दोघांकडे सुकाणू गेले असेल, तर मुठीकडील काढून घ्यावे. ब्रेकची दिशा पुष्कळदा उलटी असते आणि पाय न लावताच ब्रेक पूर्ण लागलेले असतात; तीही सुलटी करावी. मध्यभागी हालचाल न मोजणारा 'डेड झोन' थरथर थांबण्यापुरताच ठेवावा. तो मोठा केला, तर विमान सरळ ठेवण्यासाठी लागणारे बारीक दाबच हरवतात.

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटी सांगतो. या सिम्युलेटरांत सुकाणू आपोआप सांभाळणारी सोय असते. ती बंद करावी. ती चालू असेल, तर विमान सरळ धावते. पण शिकतो संगणक, विद्यार्थी नव्हे. काही पालक विचारतात, "हा गोळ्या झाडण्याचा खेळ मुलांनी खेळावाच कशाला?" त्यांची शंका मला अनाठायी वाटत नाही. सारे काही यंत्राने करावे आणि मुलाने केवळ बोटाने कळ दाबावी, असे असेल, तर तो वेळेचा अपव्ययच होय. परंतु मूल पायांनी विमान सावरू लागले, की खेळाचे स्वरूप पालटते. फलकावरील काचनळीतील गोळी ज्या बाजूस सरकेल त्या बाजूचा पाय हळूच दाबावा, म्हणजे ती पुन्हा मध्यभागी येते. ती मध्यभागी नसेल, तर विमान आडवे घसरत असते आणि नेमही चुकतो. तेव्हा झगडा शत्रूशी नसून स्वतःच्या उतावीळपणाशी आहे, हे मुलाला कोणी न सांगताच कळते.

त्या विद्यार्थ्याने नवी जॉयस्टिक घेतली नाही. जुन्याच जॉयस्टिकची मूठ पिळून, खुर्चीची चाके काढून आणि आपोआप चालणारी सोय बंद करून त्याने सराव आरंभला. पहिल्या आठवड्यात विमान रोज धावपट्टीबाहेर गवतात जाई. पुढे एके दिवशी मधल्या सुट्टीत तो धावत आला आणि म्हणाला, "सर, आज सरळ उडाले!" वडिलांचे पैसे घरातच राहिले, आणि मुलाजवळ विद्या आली. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तेच अंग आधी शिकवावे, हे पायपेटीच्या वादकास ठाऊक होते. वैमानिकासही ते ठाऊक असावे लागते.