काटा हलला नाही म्हणून...

मागच्या लग्नात मामीने पुन्हा विचारलंच, "तू त्या वाळूजला नेमकं करतोस तरी काय रे?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "पिचकारी मारतो, मामी. फक्त रंगाऐवजी वितळलेल्या पावडरची." ती हसली, विषय संपला. पण गेल्या आठवड्यात असं काही घडलं, की म्हटलं आता नीट लिहूनच टाकावं.

आमच्या औरंगाबादेत, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, वाळूज एमआयडीसीत मी थर्मल स्प्रेचं काम करतो. पंपाची स्लीव्ह झिजू नये म्हणून तिच्यावर सिरॅमिकचा पातळ थर चढवायचा. प्लाझ्मा गनमध्ये आर्गॉन आणि थोडा हायड्रोजन सोडून वेल्डिंगसारखा आर्क पेटवतात. आतलं तापमान दहा हजार अंशांच्या वर. त्या झोतात सोडलेली पावडर वितळून जॉबवर आपटते, चपटी होते, थरावर थर बसतो. कणाला वितळायला मिळतात सेकंदाचे काही हजारावे भाग. बस्स.

तर झालं असं. एका स्लीव्हचं कोटिंग ग्राइंडिंगला लावताच पापुद्र्यासारखं सुटलं. मीटिंगमध्ये सगळ्यांचं बोट ऑपरेटरकडे. लॉगबुकात करंट चोख, दिवसभर ५०० अँपिअर. "करंट बरोबर आहे, म्हणजे हातच चुकला," असा निकाल लागला. तो बिचारा मान खाली घालून उभा. ब्लास्टिंग मी स्वतः तपासलं होतं, तरी मीही गप्प बसलो. ते अजून टोचतंय.

मंडळी, करंट हलत नाही कारण पॉवर सप्लाय तो हलू देत नाही, त्याचं कामच ते! पण नोझल आतून झिजलं की आर्क आखूड होतो आणि व्होल्टेज उतरतं. ७० व्होल्ट गुणिले ५०० म्हणजे ३५ किलोवॅट. ६२ व्होल्टला उरतात ३१. चार किलोवॅट गेले आणि करंटचा काटा जागचा हलला नाही. कण अर्धवट वितळतात, थर सच्छिद्र होतो, पकड सुटते. बरं, करंट वाढवून भरपाई करावी, तर नोझल आणखी लवकर झिजतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना गनपाशी नेलं. जुन्या नोझलवर मीटर ६२ दाखवत होता, नवं बसवल्यावर ७०. पॅनेलवर व्होल्टेजचा मीटर पहिल्यापासून आहे, लॉगबुकात त्याचा रकानाच नव्हता!

माझं मत साधं आहे. करंट सांभाळायलाच हवा, पण नुसत्या करंटवरून कोणाला दोषी ठरवू नका. शेजारी व्होल्टेज लिहा, नोझल किती तास चाललं ते लिहा, आणि ते कधी बदलायचं हे आधीच ठरवा. नोझल महाग आहे, मान्य. पण त्याची किंमत बिलात तरी दिसते, माणसाच्या गेलेल्या अब्रूची दिसत नाही.

असो. ऑपरेटर काही बोलला नाही. संध्याकाळी त्यानेच चहा सांगितला, दोन.

मामी, आता कळलं का मी काय करतो ते?