खिडकीतला कप

नोकरीसाठी कोलकात्यात आलो तेव्हा घरमालकांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी दाखवल्या. एक पाण्याच्या मोटारीचं बटण आणि दुसरी, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला एक कप. "हा कामवाल्या माशीचा," ते म्हणाले. बंगालीत माशी म्हणजे मावशी. मी मान डोलावली. माझ्या आजीने गावच्या हॉटेलबाहेर ठेवलेली कपबशी स्वतः विसळून चहा प्यायला होता. तिच्या घरातला मी पहिला पदवीधर. तरीही मान डोलावली.

या शहरात अहिंसेचा विषय निघाला की लोक बेलियाघाटा सांगतात. १९४७ च्या सप्टेंबरात गांधीजींनी तिथे उपोषण केलं आणि कोलकात्यातली दंगल थांबली. ती गोष्ट मोठीच. पण ऑफिसात, हॉस्टेलवर, स्वयंपाकघरात रोज जी हिंसा होते, तिच्यासाठी कुणी उपोषणाला बसत नाही. तिथे आपल्यालाच काय ते ठरवावं लागतं.

रोहित वेमुला, पायल तडवी ही नावं आपल्याला पाठ आहेत. बंगालमधलं चुनी कोटाल हे नाव महाराष्ट्रात फारसं ऐकू येत नाही. मेदिनीपूरकडच्या लोधा शबर जमातीतली ती पहिली पदवीधर स्त्री. इंग्रजांनी ही जमात जन्मजात गुन्हेगार ठरवली होती. चुनी १९८५ मध्ये मानववंशशास्त्रात पदवीधर झाली आणि पुढे विद्यासागर विद्यापीठात शिकू लागली. तिथे एक प्राध्यापक जमातीवरून सतत हिणवतात, अशी तिची तक्रार होती. तिला दाद मिळाली नाही. १६ ऑगस्ट १९९२ रोजी तिने आयुष्य संपवलं. शब्दांनी माणूस मरतो, हे समजायला आपल्याला याहून वेगळा पुरावा नको.

माझ्या ऑफिसात "आमच्या बंगालमध्ये जातपात नाही" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. एका संध्याकाळी ते म्हणून झाल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हसत विचारलं, "तुमचं सिलेक्शन कोट्यातूनच ना?" चारजण हसले. मीही हसलो. रात्रभर झोप नाही.

सकाळी माशी उशिरा आल्या. दक्षिण चोवीस परगण्यातून त्या कॅनिंग लोकलने येतात आणि ती गाडी रखडली होती. मी त्यांच्यावर ओरडलो. बंगालीतही आपल्यासारखे तुई, तुमी, आपनी असे मानाचे चढते दर्जे आहेत. माझं बंगाली मोडकं, पण त्या क्षणी तोंडून अचूक 'तुई' निघालं. आईच्या वयाच्या बाईला. त्या काहीच बोलल्या नाहीत. काम आटोपलं, चहा प्यायल्या, कप विसळला आणि परत खिडकीत ठेवला.

तेव्हा तो कप मला पहिल्यांदा नीट दिसला. आदल्या संध्याकाळी मिळालेला अपमान मी सकाळी खालच्या पायरीवर उतरवला होता. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती अशीच चालते. वरून आलेलं खाली ढकलायला प्रत्येकाला कुणीतरी सापडतं. पदवीने मला एक पायरी वर नेलं, आणि खाली बघण्याची सवयही त्याच पायरीवर लागली.

रविवारी मी कॉलेज स्क्वेअरच्या महाबोधी सोसायटीच्या विहारात जातो. याच सोसायटीच्या मासिकात १९५० साली बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावरचा लेख आला होता. त्या रविवारी पंचशील म्हणताना पहिल्या शीलावर अडखळलो. मी मुंगी मारत नाही, पण माणसाला तुडवतो. बाबासाहेब म्हणतात, बुद्धाने अहिंसा हा नियम केला नाही, ते तत्त्व म्हणून सांगितलं. नियम पाळला की आपण मोकळे होतो. तत्त्व मात्र प्रत्येक प्रसंगी नव्याने विचार करायला लावतं.

मग अपमान गिळून हसणं ही अहिंसा का? नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी आपल्या माणसांची डोकी फुटली. हाकेसरशी हजारो हात उठले असते. बाबासाहेबांनी ते आवरले. पण तळ्यावरचा हक्क सोडला नाही. खटला दहा वर्षं लढवला आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात जिंकला. हात आवरणं आणि हक्क लढवणं, दोन्ही एकाच माणसाने केलं. त्यामुळे लेखी तक्रार करणं, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा आधार घेणं हे अहिंसेच्या विरोधात आहे, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आपल्याला शांत राहायला सांगणारे बहुतेक वेळा गप्प राहायला सांगत असतात.

सोमवारी मी त्या सहकाऱ्याच्या टेबलाशी गेलो. म्हणालो, "त्या दिवशीचं बोलणं मला लागलं. पुन्हा झालं तर लेखी देईन." आवाज चढवला नाही, पण पाय थरथरत होते. त्यांनी माफी मागितली नाही. फक्त तो विषय पुन्हा निघाला नाही.

माशींची माफी मागणं त्याहून अवघड गेलं. खिडकीतला कप मी फडताळात आमच्या कपांबरोबर ठेवला. पहिले काही दिवस त्या तोच शोधून काढायच्या आणि विसळून खिडकीत ठेवायच्या. इतक्या वर्षांची सवय माझ्या एका सकाळच्या पश्चात्तापाने कशी जाईल? मी रोज तो परत फडताळात ठेवत राहिलो. आता त्या हाताला येईल तो कप घेतात. मी त्यांना 'आपनी' म्हणतो, त्याचं मात्र त्यांना अजून हसू येतं.

आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिले पदवीधर आहोत. वरून काय काय येतं, ते आपल्याला नेमकं माहीत आहे. झोपण्यापूर्वी मी आता स्वतःला दोन प्रश्न विचारतो. आज कुणाचा अपमान मुकाट्याने गिळला का? आणि आज कुणावर तो उतरवला का? दुसऱ्याचं उत्तर अजून कधी कधी 'हो' येतं. आईला फोनवर तिच्या बोलीवरून टोकतो, तेव्हा तर नक्कीच.

जय भीम.