दोरी ओढण्याची मुभा



‘घराचा कारखाना करू नका’ हे गेल्या अंकातले पत्र वाचले. ‘लीन’ ही उत्पादनपद्धत म्हणजे माणसे कमी करून उरलेल्यांना पळवणे, असे त्यात म्हटले आहे. अनेक ठिकाणी तसे झाले, हे मी नाकारत नाही. पण या विचाराचे मूळ वेगळे आहे.

साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेले बरे! पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात कामगारालाही दोष दिसताच दोरी ओढायची मुभा मिळाली. वेळेत उपाय सापडला नाही, तर लाइन थांबते. माणसाला पळवणारी पद्धत त्याच्या हाती अशी दोरी देईल का?

भोसरीत मी तीस वर्षे लेथवर काढली, तरी या दोरीचे मर्म खरे उमगले घरात. आईला रक्तदाबाची गोळी एकाच दिवशी दोनदा दिली गेली. सुदैवाने निभावले. पण ‘कुणी दिली?’ यावरून दोन दिवस अबोला. मग चूक होऊच कशी शकली, हे आम्ही एकत्र बसून पाहिले. गोळ्या पाकिटात होत्या. दिली की नाही, हे दिसतच नव्हते. आता सात वारांची, सात खणांची डबी आहे. खण रिकामा म्हणजे गोळी दिली.

रात्रीच्या गोळ्यांची डबी वेगळ्या रंगाची हवी, असे परवा सूनबाईंनी सुचवले. कालच आणली.

– एक निवृत्त कामगार, पिंपरी