बोजारा की नंबर?

श्रावण संपत आला की आमच्या कॉलेजात मंडळांचे निरोप येऊ लागतात. तान्ह्या पोळ्याला वेशभूषा स्पर्धा आहे, दोन परीक्षक पाठवा, एखादा चांगला बोलणारा सूत्रसंचालकही पाठवा. मराठी विभागाकडे पहिली नजर जाते, मग राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांकडे. जाणाऱ्याला नारळ मिळतो, दुपट्टा मिळतो, फोटो निघतो. आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले आहेत. त्यांना आणि त्यांना पाठविणाऱ्या गुरुजनांना माझी विनंती आहे की, पाच वर्षांच्या आतील मुलांना नंबर देण्याचे हे काम आपण यापुढे करू नये.

जे प्राध्यापक पश्चिम महाराष्ट्रातून इकडे आले त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा असतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही चाल आहे असे सांगतात. सकाळी नारबोद गावाबाहेर जाते आणि संध्याकाळी पोरे लाकडाचे नंदी घेऊन निघतात. नंदीला चाके, गळ्यात घुंगरू, शिंगांना बेगड. तोरणाखाली रांग लागते, पूजा होते, मग दारोदार नंदी फिरतो आणि घरधनीण मुलाच्या हातावर काही तरी ठेवते. त्याला बोजारा म्हणतात. पूर्वी चार आणे, आठ आणे असत. आता दहाची नोट नाही तर चॉकलेट. या बोजाऱ्याची गंमत अशी की तो सगळ्यांना मिळतो. ज्याच्या नंदीचे चाक वाटेत निखळले त्यालाही, आणि जो मामाच्या कडेवर अर्धा झोपेत आहे त्यालाही. पूजा कोणाची चांगली झाली, हे कोणी विचारीत नाही.

आमच्या भागातील लेकराचे चार लोकांसमोर येणे असे सुरू होत असे. आता तोरणाच्या शेजारी मंच आला, मंचावर माइक आला, आणि माइकच्या मागे टेबल टाकून परीक्षक बसले. पोळ्यानंतर चार दिवसांत गणपती, पुढे शारदा, दिवाळीनंतर मंडई, मग सव्वीस जानेवारी. अडीच-तीन वर्षांच्या मुलाचा जणू हंगामच सुरू होतो.

गेल्या तान्ह्या पोळ्याला माझ्या बहिणीचा मुलगा शेतकरी झाला होता. वय तीन वर्षे. भाड्याचे धोतर, काजळाच्या मिशा, खांद्यावर थर्माकोलचा नांगर. 'जय किसान' एवढेच म्हणायचे होते आणि घरी तो ते दिवसातून पन्नास वेळा म्हणत असे. स्पर्धा सहाला लागायची ती पाहुणे उशिरा आल्यामुळे साडेआठला लागली. तोवर पोर दोनदा झोपून उठले होते. मंचावर त्याला एकट्याला उभे केले, तोंडावर दिवा पडला, आणि त्याने भोकाड पसरले. सूत्रसंचालक हजरजबाबी. तो माइकवर म्हणाला, "शेतकरी रडतो आहे, कर्ज झालेलं दिसतं!" लोक खो खो हसले. धानाच्या चुकाऱ्यासाठी खेटे घालणारे बापसुद्धा हसले. फक्त एक म्हातारी खालून ओरडत होती, "लेकरू भेवलं ना बाप्पा, उतरवा त्याले!" तिचे ऐकायला माइकवाल्याला वेळ नव्हता.

रडणाऱ्याचे दुःख तरी दिसते. त्याच संध्याकाळी चार वर्षांची एक मुलगी सावित्रीबाई झाली होती. न अडखळता बोलली, टाळ्या घेतल्या, आणि दुसरा नंबर आला म्हणून मंचामागे आईच्या पदरात तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. आई तिला समजावीत नव्हती, परीक्षकांकडे पाहत होती. चांगले करूनही आपण कमी पडलो, एवढेच त्या पोरीने त्या रात्री घरी नेले.

यावर नेहमीचे उत्तर म्हणजे सभाधीटपणा. लहानपणीच मंचावर उभे केले की भीती मरते म्हणे. मला हे पटत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते, नट स्वतः गातो, समोर हजारोंचा समुदाय असतो. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सभाधीटपणा म्हणतात तो याहून काय निराळा असतो? पण या परंपरेत लेकराची रंगभूमीशी पहिली ओळख मंचाच्या वर नव्हे, मंचाच्या खाली होते. मंडईच्या रात्री आई चटई आणि गोधडी घेऊन येते, लेकराला पुढ्यात निजवते. पेटीच्या सुराने ते जागे होते, खलनायकाला पाहून आईला बिलगते, पुन्हा झोपते. दिवसा आखरावर दंडार किंवा खडी गंमत चालली असली की एखादे पोर नाचणाऱ्यांच्या पायांत जाऊन नाचू लागते. त्याला कोणी बोलावलेले नसते आणि कोणी हाकलीतही नाही. कंटाळले की आपल्या पायांनी परत येते. हे परत येणे महत्त्वाचे. स्पर्धेच्या मंचावरून मुलाला स्वतःहून उतरता येत नाही.

मोठ्या शहरांतल्या जाणत्या मंडळींनीही हेच केले. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' काढले ते मुलांना नाटक दाखविण्यासाठी. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण दिलीप प्रभावळकरांसारख्या कसलेल्या नटाने केली. घाम मोठ्यांनी गाळायचा आणि चिमुकल्यांनी खुर्चीत बसून किंचाळायचे, असा तो चोख व्यवहार होता.

कायद्याचेही थोडे पाहू. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. चित्रपट-मालिकांत काम करणाऱ्या मुलाला दिवसाला पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून जास्त राबवू नये, त्याच्या इच्छेविरुद्ध भाग घ्यायला लावू नये, असे त्यांत आहे. म्हणजे पैसे देणाऱ्या निर्मात्याला विचारावे लागते आणि हौशी मंडळाला, आईबापांना, आपल्याला कोणी विचारीत नाही!

मंच मोडून टाका असे मी म्हणत नाही. माझ्या भाच्याला नंदी ओढायला आजही आवडते. नटूनथटून मिरवणे हा तर पोरांचा हक्कच आहे. पण पाचच्या आतल्यांना एकेकटे उभे करू नये, नंदीसकट सगळ्यांना एका रांगेत आणावे, आईला किंवा आजीला सोबत येऊ द्यावे, दिवेलागणीपूर्वी आटोपावे आणि प्रत्येकाच्या हातावर सारखा बोजारा ठेवावा. पाहुण्यांना उशीर झाला तर पाहुण्यांविना सुरू करावे. मंडळांचा खर्चही यात कमीच होईल, तीन ढालींचे पैसे वाचतील.

तेव्हा पुढच्या श्रावणात जे पत्र कॉलेजात येईल त्याला मराठी विभागाने उत्तर द्यावे की आमची मुले येतील, नंदी सजवायला मदत करतील, रांग सांभाळतील, माइकही धरतील. मात्र लहान गटाची गुणपत्रिका भरणार नाहीत. पत्राचा मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे.