डायलिसिस मोफत झालं, पण अंगाच्या खाजेचं विचारतंय कोण?

किडनीच्या रुग्णांना रात्र-रात्र जागवणारा त्रास कागदावर कुठेच येत नाही. हा त्रास म्हणजे बऱ्याचदा मशीनचे तास कमी पडत असल्याचा इशारा असतो.

विशेष विश्लेषण

किडनी निकामी झालेल्या रुग्णाला दहा वर्षांपूर्वी डायलिसिससाठी मोठं शहर गाठावं लागायचं. आता जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत मशीन आलंय. 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. देशात दरवर्षी 2.2 लाख नवे रुग्ण वाढतात आणि एका रुग्णाचा वर्षाचा खर्च 3 लाखांच्या वर जातो, असं त्या वेळी संसदेत सांगण्यात आलं होतं. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतूनही डायलिसिस होतं. शेत विकून उपचार करण्याची वेळ त्यामुळे अनेक घरांवरची टळली, हे मान्यच करावं लागेल.

पण हिशोब होतो तो मशीन किती आणि सत्रं किती झाली याचा. रुग्ण घरी गेल्यावर रात्री झोपतो का, हे कोणी विचारत नाही. डायलिसिसवरच्या माणसाला विचारलं तर बऱ्याचदा पहिली तक्रार खाजेची असते. पाठ, हात, पोट, पाय, कुठेही. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, तरी खाजवून-खाजवून रक्त निघतं. घरचे म्हणतात उष्णता झाली, शेजारी म्हणतात रक्त बिघडलं. रुग्ण मात्र गप्प बसतो. जीव वाचतोय हेच खूप, खाजेचं काय सांगायचं, असं त्याला वाटतं.

त्रास किती जणांना?

डायलिसिसच्या रुग्णांवर अनेक देशांत चाललेला 'डॉप्स' नावाचा मोठा अभ्यास आहे. त्याच्या 2017 मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार साधारण 37 टक्के रुग्णांना मध्यम ते तीव्र खाजेचा त्रास होता. म्हणजे दहा खाटांच्या केंद्रात जवळपास चौघांना. ज्यांना खाजेनं कायम हैराण केलं होतं, त्यांच्यातल्या सुमारे 17 टक्के लोकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आपल्या केंद्रात असे रुग्ण किती आहेत, याचा अंदाज तिथल्या 69 टक्के प्रमुख डॉक्टरांनीही कमीच धरला होता. रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही, हे जगभर चाललंय. आपल्याकडे एका सिस्टरकडे अनेक खाटा असतात, तिथे वेगळं काय होणार?

आठवड्याचे तास 168, मशीनचे आठ

निरोगी किडनी आठवड्याचे 168 तास चालू असते. जगात सर्वसाधारण पद्धत आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस करण्याची आहे. आपल्याकडे बरेच रुग्ण दोनदाच जातात. कुणाला तिसरा नंबर मिळत नाही, तर कुणाला तिसऱ्यांदा येण्या-जाण्याचं भाडं आणि सोबत येणाऱ्याचा रोज बुडणं परवडत नाही. अशा रुग्णाला आठवड्यात मशीनचे आठच तास मिळतात.

त्यातही काटछाट होते. वीज गेली, जनरेटर उशिरा चालू झाला, शेवटची एसटी चुकेल म्हणून रुग्णानंच सुई काढायला लावली. अर्धा तास गेला तर काय बिघडतं, असं वाटतं. हिशोब करून बघा. दर वेळी अर्धा तास, आठवड्यात दोन वेळा, म्हणजे एक तास. वर्षाला 52 तास. म्हणजे चार तासांची 13 सत्रं बुडाल्यासारखंच झालं. रजिस्टरमध्ये मात्र सगळी सत्रं 'पूर्ण' दिसतात.

पाण्याचंही तसंच. मशीनमध्ये मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव फिरतो, म्हणजे एका रुग्णाला चार तासांत 120 लिटर. तेही साधं पाणी चालत नाही, आरओमधून शुद्ध केलेलं लागतं, आणि शुद्ध करताना काही पाणी वाया जातं. टँकरवर चालणाऱ्या तालुक्यात उन्हाळ्यात हा प्रश्न किती मोठा होतो, ते वेगळं सांगायला नको.

तास कमी पडले की घाण अंगात साठते आणि खाज वाढते. म्हणून खाजेला नुसता कातडीचा आजार म्हणून चालत नाही. खाज वाढली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: डायलिसिस पुरेसं होतंय का? ते तपासायला सोपी रक्ततपासणी आहे. सत्राच्या आधी आणि नंतर युरिया बघतात. तो निदान 65 टक्क्यांनी उतरला पाहिजे, असं मानतात.

फॉस्फरसचं गणित

दुसरं मोठं कारण फॉस्फरस. तो जेवणातून रोज पोटात जातो. एका सत्रात मशीन साधारण 800 मिलीग्रॅम काढतं, आणि रोजच्या जेवणात त्याहून जास्त असू शकतो. सगळा अंगी लागत नाही हे खरं, तरी आठवड्यात दोनदाच मशीनवर जाणाऱ्याच्या अंगात येणारा जास्त आणि जाणारा कमी, असं होतं. तो वाढला की पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडते, हाडं ठिसूळ होतात आणि खाजही वाढू शकते. रक्तातलं प्रमाण साधारण 3.5 ते 5.5 च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो.

त्यासाठी कॅल्शियम असिटेट किंवा सेव्हेलामरसारखी गोळी देतात. ही गोळी जेवणातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवते, म्हणून ती जेवणासोबतच घ्यायची असते. रिकाम्या पोटी किंवा झोपताना घेतली तर फुकट जाते. अनेक घरांत सगळ्या गोळ्या सकाळी चहाबरोबर एकदम घेतल्या जातात. औषध चालू असूनही रिपोर्ट का सुधारत नाही, याचं उत्तर कधी-कधी इथेच सापडतं.

खाण्यात खवा, पेढा, जास्तीचं दूध, काळं कोल्ड्रिंक, बेकिंग पावडर घातलेले बेकरीचे पदार्थ आणि पाकिटबंद खाणं कमी करावं. डाळी-कडधान्यांतला फॉस्फरस त्या मानानं कमी शोषला जातो. पण भीतीनं डाळ, अंडं सगळंच बंद करू नये. डायलिसिसवरच्या माणसाला प्रोटीन लागतंच, ते तुटलं तर अंग खंगतं. पथ्य आहारतज्ज्ञाला किंवा डॉक्टरला विचारूनच ठरवावं.

प्रत्येक खाज किडनीची नसते

घरातल्या इतरांनाही रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यात बारीक पुळ्या असतील, तर ती खरूज असू शकते. तिचा इलाज वेगळा आहे आणि तो सगळ्या घरानं एकदमच करावा लागतो. गोल चट्टा असेल तर नायटा. डोळे पिवळे दिसत असतील तर कावीळ तपासावी लागते. खाज नव्या गोळीनंतर सुरू झाली असेल तर ते डॉक्टरला सांगावं. मशीन लावल्या-लावल्या खाज सुटून दम लागला, छाती भरून आली, तर क्षणभर न थांबता सिस्टरला हाक मारावी. ती रिअ‍ॅक्शन असू शकते.

इथेच गावातला मोठा धोका सुरू होतो. डॉक्टरकडे न जाता मेडिकलमधून ट्यूब आणली जाते. खाजेच्या अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला बरं वाटतं, नंतर कातडी पातळ होते आणि नायटा असेल तर तो पसरतो. अशी औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, पण तालुक्याच्या बाजारात तो किती पाळला जातो ते सगळ्यांना माहीत आहे. खाजेच्या नेहमीच्या गोळीनं झोप येते, पण किडनीच्या खाजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय किडनी बंद असल्यानं काही गोळ्या अंगात साचून राहतात आणि गुंगी चढते.

उपाय आहेत, आणि सगळेच महाग नाहीत

डायलिसिसवर कातडी कोरडी पडते, आणि कोरडी कातडी जास्त खाजते. म्हणून सुरुवात घरातूनच करता येते:

- अंघोळ कोमट पाण्यानं आणि थोडक्यात करावी. कडक गरम पाणी, उग्र साबण आणि घासणी टाळावी.
- अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन, साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावावं, दिवसातून दोनदा. फिस्टुलाच्या जागी सुई टोचायच्या आधी मात्र काहीही लावू नये.
- नखं बारीक कापावीत. कपडे सुती आणि सैल घालावेत.
- फिस्टुलाचा हात खाजवू नये. तिथे लाली, पू, दुखणं किंवा ताप असेल तर त्याच दिवशी केंद्र गाठावं.
- काढा, जडीबुटी, खायचा सोडा पोटात घेऊ नये. काहींमुळे पोटॅशियम किंवा मीठ वाढतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

एवढं करूनही झोप लागत नसेल तर डॉक्टरकडे पुढची औषधं आहेत. गॅबापेन्टिन अगदी कमी डोसात, डायलिसिस झाल्यावर देतात आणि अनेकांना त्याचा फरक पडतो. मात्र हीच गोळी शेजाऱ्याला नसेच्या दुखण्यासाठी दिलेली असते. त्याच्या डोसानं डायलिसिसचा रुग्ण भ्रमिष्ट होऊ शकतो, तोल जाऊन पडू शकतो. म्हणून कुणाची गोळी कुणी घेऊ नये. मोठ्या रुग्णालयांत खास अतिनील किरणांचा उपचारही करतात. खास याच खाजेसाठी बनलेल्या डायफेलिकेफॅलिन या इंजेक्शनला अमेरिकेत 2021 मध्ये मंजुरी मिळाली. पण तालुक्याच्या रुग्णाला त्याची वाट बघत बसायची गरज नाही. पूर्ण तास, वेळेवर गोळी आणि अंगाला तेल, यांपासून सुरुवात करता येते.

मागणी काय करायची?

मशीन आणण्याची लढाई बऱ्याच ठिकाणी जिंकली गेली. पुढची लढाई त्या मशीनवर पूर्ण उपचार मिळवण्याची आहे, आणि तिला फार पैसा लागत नाही. दर सत्राला खरे किती तास झाले ते कार्डावर लिहिलं जावं. महिन्यातून एकदा 'खाज किती? शून्य ते दहा' एवढं विचारून आकडा लिहावा. फॉस्फरस, हिमोग्लोबिन आणि युरिया उतरल्याचा रिपोर्ट रुग्णाच्या हातात द्यावा. योजनेत कोणती तपासणी आणि कोणतं औषध बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रानं स्पष्ट सांगावं.

जनरेटर, उन्हाळ्यातलं पाणी आणि तिसऱ्या सत्राचा नंबर, हे विषय रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत यायला हवेत. तिथे बसणाऱ्या लोकप्रतिनिधींना उद्घाटनाची फीत आठवते, पण त्यानंतर किती सत्रं अर्ध्यावर बंद पडली ते त्यांना कुणी विचारलेलं नसतं. रुग्णांनी आणि नातेवाइकांनी ते विचारावं. आणि पुढच्या वेळी खाटेवर पडल्यावर सिस्टरला आधी एवढंच सांगावं: रात्री खाजेनं झोप लागत नाही, हे माझ्या फाइलवर लिहा.