‘पकड बरी’ हे मोजमाप नव्हे

डायनॅमोमीटरच्या काट्यावर दिसणाऱ्या किलोंत पंजा आणि अग्रबाहूचे बळ असते, तसाच रुग्णाच्या पोषणाचा, मज्जासंस्थेच्या तत्परतेचा, जुनाट आजारांनी केलेल्या झिजेचा आणि अंथरुणात गेलेल्या दिवसांचा हिशेबही असतो. हाताच्या पकडीवरून साऱ्या देहाचा अंदाज बांधता येतो तो यामुळेच. होनोलुलू हार्ट प्रोग्रॅममध्ये ४५ ते ६८ वयाच्या सहा हजारांवर निरोगी जपानी-अमेरिकन पुरुषांची पकड मोजून ठेवली होती. पंचवीस वर्षांनी हयात असलेल्यांची तपासणी झाली, तेव्हा मध्यमवयात ज्यांची पकड कमी होती त्यांच्यात मंद चाल आणि स्वतःची कामे स्वतः करण्यातली असमर्थता अधिक आढळली. पुढे २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्युअर अभ्यासाचे निष्कर्ष आले. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांचा हा पाठपुरावा होता आणि त्यात भारतही होता. पकड दर ५ किलोंनी कमी, तर कोणत्याही कारणाने मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असे त्यात दिसले. मृत्यूच्या अंदाजासाठी वरच्या रक्तदाबापेक्षाही पकड अधिक उपयोगी ठरली.

एवढे स्पष्ट असूनही ज्येष्ठ रुग्णांच्या केसपेपरवर पकडीपुढे अजून ‘बरी’, ‘ठीक’ किंवा ‘ग्रेड ५’ असेच लिहिलेले आढळते. हाताने प्रतिकार देऊन केलेल्या परीक्षेत ग्रेड ५ म्हणजे २० किलोही असू शकतात आणि ४५ किलोही. सार्कोपेनियाची, म्हणजे वयानुसार स्नायू आणि त्यांचे बळ घटण्याची, सगळी उतरंड याच एका ग्रेडच्या आत घडून जाते. रुग्ण ‘ग्रेड ४’वर येतो तेव्हा लवकर ओळखण्याची वेळ टळून गेलेली असते.

जिथे उपकरण आहे, तिथेही नोंदीची अवस्था फारशी वेगळी नाही. जामर डायनॅमोमीटरच्या तबकडीवर पौंड आणि किलो अशी दोन वर्तुळे असतात. शिबिराच्या घाईत कोणीतरी बाहेरचे वर्तुळ वाचतो, कोणीतरी आतले, आणि कागदावर उरतो नुसता ‘४४’. ४४ किलो ही धडधाकट पुरुषाची पकड झाली. ४४ पौंड म्हणजे जेमतेम २० किलो, म्हणजे त्याच पुरुषाला तातडीने व्यायामाखाली आणण्याची वेळ. एकक न लिहिलेला आकडा पुढच्या तपासणीच्या काहीच कामाचा नाही. स्थितीचेही तेच. जामरवर रुग्ण बसलेला, खांदा अंगालगत, कोपर काटकोनात, मनगट किंचित मागे आणि हँडल दुसऱ्या खाचेत अशी पद्धत आहे. स्मेडली हे दुसरे उपकरण उभ्याने आणि कोपर सरळ ठेवून वापरायची रीत आहे. अमेरिकेतल्या हँड थेरपिस्टांच्या संघटनेची पद्धत तीन प्रयत्नांची सरासरी घेते. साउदॅम्प्टनची पद्धत दोन्ही हातांच्या आलटूनपालटून केलेल्या सहा प्रयत्नांतला सर्वोत्तम घेते. यातली कोणतीही पद्धत चालेल. मार्चमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये दुसरी वापरून ‘तीन किलोंची सुधारणा’ लिहिणे मात्र चालणार नाही, कारण ती सुधारणा रुग्णात झालेली नसून खुर्चीत झालेली असते.

कट-ऑफवरून होणारे वाद या मानाने किरकोळ आहेत. सार्कोपेनियावरच्या युरोपीय गटाच्या सुधारित निकषात पुरुषांसाठी २७ आणि स्त्रियांसाठी १६ किलोंखालची पकड कमी मानली जाते. हे आकडे ब्रिटनमधल्या लोकसंख्येवरून काढलेले आहेत. आशियाई गटाने २०१९ मध्ये २८ आणि १८ ठरवले. चंडीगडमधल्या तरुण प्रौढांच्या मोजमापांवरून २७.५ आणि १८ आले. १७ किलो पकड असलेली आजी युरोपीय निकषाने सुटते आणि बाकी दोन्हींनी अडकते, तेव्हा युरोपीय आकडे इथे वापरू नयेत एवढे पुरेसे आहे. उरलेला अर्ध्या किलोचा फरक मोजण्यातल्या चुकीपेक्षा लहान आहे, त्यावर परिसंवाद घेण्यात अर्थ नाही. शिवाय आशियाई निकषांनुसार पकड कमी आढळली की ‘संभाव्य सार्कोपेनिया’ म्हणून आहार आणि व्यायाम सुरू करता येतो. त्यासाठी स्नायूंचे प्रमाण सांगणाऱ्या डेक्सा स्कॅनच्या अहवालाची वाट पाहत रुग्णाला सहा महिने बसवून ठेवायचे कारण नाही.

शासकीय यंत्रणेची उदासीनता याहून जास्त खटकते. तिशी ओलांडलेल्यांसाठी आशा सेविका भरते त्या सीबॅक फॉर्ममध्ये कंबरेचा घेर टेपने मोजला जातो. साठीपुढच्यांना उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, हेही विचारले जाते. म्हणजे पडण्याची भीती फॉर्मला ठाऊक आहे. ती आधी ओळखणाऱ्या पकडीला त्यात जागा नाही. घरोघरी जाऊन पकड मोजता येत नाही असेही म्हणता येणार नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये राबवलेल्या ‘लासी’ सर्वेक्षणात ४५ वर्षांवरच्या हजारो लोकांची पकड देशभर त्यांच्या दारात जाऊन मोजली गेली.

महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना त्यात साहाय्यक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. यादीत ट्रायपॉड काठी, फोल्डिंग वॉकर, नी-ब्रेस, लंबर बेल्ट आहेत. योजना गरजेची आहे, तिच्या हेतूबद्दल शंका नाही. पण काठी हाताने धरायची असते. अर्जासोबत ओळखपत्र, पासबुकाची प्रत आणि स्वयंघोषणापत्र मागितले जाते; काठी धरणाऱ्या हाताचे बळ कोणी विचारत नाही. मूठ न आवळणाऱ्या हातात आलेली ट्रायपॉड वाटेत सुटते, आणि आधार म्हणून घेतलेली वस्तू पायात येते. अशा रुग्णाला वॉकर द्यायचा, अग्रबाहूवर भार घेणारा आधार द्यायचा, की आधी काही आठवडे व्यायाम, हा निर्णय मोजल्याशिवाय होत नाही. एका रुग्णाला दोन्ही हात तपासायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान कार्ड मिळू लागले, पण त्या विम्याचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. खुबा मोडल्यावर शस्त्रक्रियेचा खर्च निघतो. तो मोडू नये म्हणून बाह्यरुग्ण विभागात घेतलेल्या व्यायामाचा निघत नाही.

आपल्या फिजिओथेरपी व्यवसायातल्या एका सवयीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. पकड कमी दिसली की स्पंजचा चेंडू हातात देऊन रुग्णाला घरी पाठवले जाते. पकड ही खूण आहे. चेंडू दाबून आकडा दोन किलोंनी वर गेला म्हणून मांड्या सशक्त होत नाहीत आणि आयुष्यही वाढत नाही. १९९० मध्ये बॉस्टनच्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या रहिवाशांना आठ आठवडे जड वजनांचा प्रतिकार-व्यायाम दिला गेला, तेव्हा पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. काम तिथे आहे: पाय, नितंब, पाठ, वाढत जाणारा भार आणि ताटात पुरेशी प्रथिने. अशा व्यायामाने पायांत जोर येतो तेव्हाही पकड पुष्कळदा जागची हलत नाही. म्हणून रुग्ण ओळखायला पकड वापरावी आणि प्रगती जोखायला खुर्चीवरून पाचदा उठण्याची चाचणी व चालण्याचा वेग. संधिवाताने बोटे वाकलेली असतील, कार्पल टनेल असेल, नुकतीच हाताची शस्त्रक्रिया झाली असेल, तर पकडीचा आकडा शरीराबद्दल काही सांगत नाही. तिथे सुरुवातच खुर्चीच्या चाचणीने करावी. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर ‘संभाव्य सार्कोपेनिया’च धरावा.

साठीपुढच्या प्रत्येक नव्या रुग्णाची पकड पहिल्याच भेटीत मोजली गेली पाहिजे, मग तो गुडघ्यासाठी आलेला असो वा मानेसाठी. आकड्यापुढे किलो, हात, उपकरण, बसून की उभ्याने, हँडलची खाच आणि सर्वोत्तम की सरासरी हे लिहिलेच पाहिजे. लहान गावातल्या ज्या दवाखान्यांना उपकरण परवडत नाही, त्यांनी दोघातिघांत मिळून एक घ्यावे आणि त्याचे कॅलिब्रेशन वर्षातून एकदा करून घ्यावे. संघटनांच्या जिल्हा शाखांनी या नोंदी एकत्र करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवाव्यात आणि सीबॅकमध्ये एक रकाना व वयोश्रीच्या अर्जात पकडीची नोंद, या दोन मागण्या लेखी कराव्यात. उत्तर आले नाही, तर त्याच नोंदी पुढच्या तिमाहीच्या आकड्यांसह पुन्हा पाठवाव्यात.